नऊ बोली, नऊ कादंबऱ्या आणि शेवटची तीन कोरी पानं

वाचनाच्या एका चॅलेंजसाठी बोलीतल्या नऊ कादंबऱ्या वाचल्या. आधी तक्रार. त्या नऊपैकी एका नव्याकोऱ्या प्रतीच्या शेवटी तीन पानं कोरी आहेत. त्याआधीची दोन पानं त्याच प्रकाशनाच्या इतर पुस्तकांच्या जाहिरातीला दिलेली. आणि आत असे असे शब्द, की जिल्ह्याची हद्द ओलांडली की कोणाला कळायचे नाहीत. पुस्तक 16 पानांच्या फर्म्यात, म्हणजे घडी घातलेल्या एकेका मोठ्या कागदावर, छापतात. मजकूर मधेच संपला की फर्म्यातली उरलेली पानं कोरी राहतात. कागद गेलाच, मशीनवर चढलाच. तिथे शे-सव्वाशे शब्दांचे अर्थ टाकायला कागदाचा एक पैसा जास्त पडला नसता. तीनशे रुपयांच्या आसपासचं पुस्तक घ्यायचं आणि वर शब्दकोश आपला आपण शोधायचा!

चॅलेंज साधं होतं. गुढीपाडव्यापासून दर महिन्याला महाराष्ट्राच्या एका भागातली, तिथल्या बोलीतली एक कादंबरी. अनुवाद नको, आत्मचरित्राच्या जवळ जाणारं नको (म्हणून आनंद यादवांचं ‘झोंबी’ बाद, ‘गोतावळा’ आत). कथानकं सगळ्यांना माहीत आहेत असं धरून चालतो. इथे प्रश्न एवढाच, की नाशिकच्या कानाला ही पुस्तकं कशी लागतात.

सुरुवात ‘बनगरवाडी’ने (1955) करू नका. हे उलटं वाटेल, कारण सगळे तिथूनच सुरुवात करायला सांगतात. कादंबरी उत्तमच आहे. माडगूळकरांचा मास्तर गावात राहतो, पण गावावर मालकी सांगत नाही, आणि शेवटचा दुष्काळ एकही उसासा न टाकता येतो. पण निवेदन स्वच्छ प्रमाण मराठीत आहे. माणदेशी येते ती बोलण्यापुरती. त्यामुळे ‘बोली जमली’ असा खोटा आत्मविश्वास येतो आणि पुढच्या पुस्तकाला तो फुटतो. ‘फकिरा’चंही (1959) तेच. अण्णाभाऊंचा वेग असा, की शब्द अडला तरी गोष्ट थांबत नाही. माणसं मात्र एकतर पांढरी नाहीतर काळी. ‘गारंबीचा बापू’ (1952) मजेत वाचून होते, पण अर्ध्यानंतर बापू हरणारच नाही हे कळतं आणि लक्ष राधेकडे वळतं. पेंडशांनाही ती जास्त कळलेली आहे असं माझं मत.

खरी फसगत अवघड शब्दांनी होत नाही, ओळखीच्या शब्दांनी होते. ‘रान’ घ्या. नाशिककराला रान म्हणजे जंगल. कोल्हापूर-सांगलीकडे रान म्हणजे स्वतःचं शेत. तिकडचा गडी सकाळी उठून रानात जातो तो कामाला, आणि आपण वीस पानं त्याला झाडीत शोधत बसतो. ‘वाडी’ आपल्याकडे छोटी वस्ती. कोकणात वस्तीही वाडी आणि नारळ-पोफळीची बागही वाडी, संदर्भाने ओळखायचं. ‘मळा’ म्हटलं की नाशिककराच्या डोळ्यापुढे विहीर, द्राक्षं आणि मळ्यातच बांधलेलं घर येतं. हे चित्र घेऊन दुसऱ्या भागातलं पुस्तक वाचलं तर गरिबाचं शेत बागायतदाराचं दिसायला लागतं. ‘वावर’ला मात्र त्रास नाही. वऱ्हाडात वावर, आपल्याकडेही वावर. ओळखीच्या शब्दाला कोणी शब्दकोश काढत नाही, म्हणून चूक शेवटपर्यंत तशीच राहते.

आता ‘धग’ (1960). उद्धव शेळक्यांची ही कादंबरी दोनदा बाजूला ठेवावी लागली. दुःख आहे म्हणून नव्हे. नायिका कौतिकवर संकटं येतात ती मोठी नाटकी नसतात. आज दाणे नाहीत, उद्या नवरा हातपाय गाळून बसलेला. थेंब थेंब साठत जातं. एका बैठकीत दोनपेक्षा जास्त प्रकरणं वाचू नयेत, नाहीतर मन बोथट होतं आणि तिसऱ्यातलं काही पोचत नाही. वऱ्हाडीचे तीन नियम आधी कानात बसवले तर अर्धं काम झालं. एक, ‘ला’ऐवजी ‘ले’: मले, तुले, पोराले. दोन, ‘ळ’चा ‘य’: डोळा तो डोया, शाळा ती शाया. तीन, चालू क्रियेला ‘रायला’: जाऊन रायला, करून रायली. ‘का’ला ‘काहून’ हे चौथं समजा. ज्यांच्या कानावर सटाणा-मालेगावकडची अहिराणी पडलेली आहे त्यांना ‘ले’ मुद्दाम शिकावं लागत नाही, कारण अहिराणीतही माले-तुले आहेच. पंचवटीच्या मार्केट यार्डात सकाळी तासभर उभं राहिलं तरी कान तयार होतो.

शब्द शोधायची रीत सांगतो, कारण इथेच लोक कंटाळतात. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. दाते-कर्व्यांमध्ये बोलीतल्या शब्दापुढे कंसात खूण असते, वऱ्हाडीला (व.), गोव्याकडच्याला (गो.), कोकणाला (कों.). पण ‘डोया’ टाकून काही मिळणार नाही. आधी शब्द प्रमाण रूपात आणायचा: ‘य’ परत ‘ळ’ करायचा, ‘पानी’तला ‘न’ परत ‘ण’ करायचा, मागचा प्रत्यय काढायचा. कोश जुन्या शुद्धलेखनातला आहे, त्यामुळे न उच्चारलेले अनुस्वार जागोजागी. शब्द सापडला नाही तर शेवटच्या अक्षरावर अनुस्वार देऊन पुन्हा शोधा. आणि प्रत्येक शब्दाला उठू नका. पोस्टकार्डाएवढा कागद पुस्तकात ठेवा, अडलेला शब्द आणि पान क्रमांक लिहा, प्रकरण संपल्यावर एकदम शोधा. निम्मे शब्द तोवर आपोआप कळलेले असतात.

इथवर मत पक्कं होतं: शब्दार्थाशिवाय बोलीतली कादंबरी छापणं हा वाचकावर अन्याय. मग ‘गोतावळा’ (1971) वाचली आणि मत हललं.

‘गोतावळा’त नारबा हा शेतगडी स्वतः बोलतो, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, कागलकडच्या बोलीत. प्रमाण मराठीचा कठडा कुठेच नाही. अंदाज असा होता की हेच सगळ्यात जड जाणार. पहिली 20-25 पानं गेलीही तशीच. एरवी तासाला 30 पानं होत असतील तर इथे 15. त्यानंतर मात्र वेग पूर्ववत, आणि कार्डावर शब्द लिहिणं बंदच झालं. तेच वऱ्हाडी ‘धग’मध्ये शेवटपर्यंत अडत होतं. कारण आता लक्षात येतं. ‘धग’चं निवेदन बरंचसं प्रमाण आहे, संवाद वऱ्हाडी. दर अर्ध्या पानाला वाचक आपल्या घरी परत येतो आणि पुन्हा पाहुणा म्हणून तिकडे जातो. कान बसायला सलग डोस लागतो, तो मिळत नाही. ‘पाचोळा’नेही (1971) हेच दाखवलं. रा. रं. बोराड्यांनी शिंप्याच्या बायकोला बोलायला लावलं आहे, मराठवाडी बोलीत, आणि मधे कोणी दुभाषा नाही. लहान पुस्तक, दोन संध्याकाळचं. (‘धग’मधलं घरही शिंप्याचंच. सूत आणि सुईवर चालणारी दोन घरं एकापाठोपाठ वाचा, एकाने दुसरं उजळतं.) म्हणजे शब्दार्थांची गरज संपूर्ण बोलीतल्या पुस्तकाला कमी आणि अर्ध्या बोलीतल्याला जास्त. प्रकाशक नेमकं उलटं समजतात, किंवा काहीच समजत नाहीत.

तरी तीन कोऱ्या पानांची तक्रार मागे घेत नाही, फक्त मागणी बदलतो. शब्दार्थ नकोत, चित्र द्या. वाक्याची चाल कानाने कळते, वस्तू कळत नाही. सोंदूर म्हणजे ‘मोटेचा दोर’ असं लिहिलं तर वाचकाच्या हाती काय लागतं? मोट म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतलं पाणी काढायची कातडी पखाल. तिला दोर दोन. जाड तो नाडा, वरच्या चाकावरून जाणारा, पाण्याने भरलेल्या मोटेचा भार पेलणारा. बारीक तो सोंदूर, खालच्या रुळावरून जाऊन मोटेच्या सोंडेला बांधलेला. बैल धावेवर, म्हणजे विहिरीपासून खाली जाणाऱ्या उतारावर, उतरले की दोन्ही एकदम ओढले जातात. मोट वर येईपर्यंत सोंडेचं तोंड सोंदराने वर धरलेलं असतं म्हणून पाणी सांडत नाही. काठाशी आल्यावर सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या हौदात, आडवी पडते आणि पाणी ओतलं जातं. एवढं कळलं तर सोंदूर तुटल्यावर शेतकरी का ओरडतो ते कळतं. विहीर, चाक, धाव, थारोळं, दोन दोर: अर्ध्या पानाची रेघांची आकृती. वखर, कुळव, पाभर या अवजारांची दुसरी अर्धी. ट्रॅक्टर येऊन जनावरं गेल्याचं दुःख सांगणाऱ्या पुस्तकाला तरी हे हवंच. विशी-पंचविशीतल्या वाचकाने चालती मोट पाहिलेली असण्याचा संभव नाही.

राहिलेली तीन झटपट. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (2002, साहित्य अकादमी 2004): कोरडवाहू शेतीचा जमाखर्च आणि शिकून घरी बसलेल्या पोराची घुसमट फार नेमकी, पण म्हणींचा मारा इतका की माणसं बोलत नाहीत, म्हणी फेकतात असं वाटतं. पाव भाग कापला असता तर पुस्तक उंचावलं असतं. ‘रिंगाण’ (साहित्य अकादमी 2023): कृष्णात खोतांची छोटी वाक्यं, धरणाने उठवलेली माणसं आणि मागे राहिलेली म्हैस. ‘गोतावळा’नंतर लगेच घ्या, कान तयारच असतो. नेमाड्यांची ‘कोसला’ (1963) खानदेशाच्या रकान्यात धरली ही चॅलेंजमधली लबाडी. नायकाचं गाव सांगवी आहे, पण पुस्तकाची बोली खानदेशी नाही, ती होस्टेलची, ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ची. नायकाच्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूची पानं मात्र सगळ्या नऊ पुस्तकांत वरची.

बांधणीचं सांगून टाकतो. नऊपैकी दोन प्रतींची पानं सुटली, दोन्ही गम बाइंडिंगच्या. घेतानाच बघा: पुस्तक वरून न्याहाळलं तर शिलाईच्या प्रतीत घडी घातलेले फर्मे वेगवेगळे दिसतात आणि दर 16 पानांच्या मधोमध दोरा असतो. गमच्या प्रतीत कणा सपाट कापलेला. नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तो गम तडकतो, पुस्तक टेबलावर पालथं घातलं तर आणखी लवकर. पान सुटलं तर पांढरा फेविकॉल पाण्याने किंचित पातळ करून ब्रशने कण्याच्या कडेला, दोन्ही बाजूंना बटर पेपर, वर वजन, रात्रभर. सेलोटेप नको. ती पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते. जुन्या आवृत्त्या बहुतेक शिलाईच्या, म्हणून विकत घेण्याआधी वाचनालयाची प्रत मागा. नाशिकमध्ये 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय असताना नऊच्या नऊ विकत घ्यायची गरज नाही. ‘गोतावळा’ आणि ‘धग’ तेवढ्या घरात असाव्यात.

दहावा रकाना रिकामा आहे, आणि तोच आपला. बागलाण, कळवण, देवळा, मालेगावची अहिराणी, सुरगाणा-पेठची कोकणी (कोकणा आदिवासींची, किनाऱ्यावरची नव्हे), त्र्यंबक-इगतपुरीकडची बोली. निवेदनही त्याच बोलीत असलेली, नारबासारखी पहिल्या पानापासून बोलणारी कादंबरी हवी आहे. नुसत्या संवादापुरती बोली असलेली नको, त्याचा ताप वर सांगितला. माहीत असेल त्याने नाव आणि आवृत्ती सांगावी, आणि बांधणी शिलाईची आहे का तेही.