पगार बारा लाखांच्या आत आहे? जुनी करप्रणाली की नवी, हिशोब करून ठरवा

दोन्ही प्रणालींत ८७ए कलमाखाली कमी उत्पन्नवाल्यांना करात सूट मिळते. फरक आहे तो सूट किती आणि कुठपर्यंत, यात. पुढचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, साठीच्या आतल्या पगारदारासाठी.

नवीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंतचा कर माफ. पगारातून ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन आधीच वजा होते, म्हणून १२.७५ लाख पगारापर्यंत कर शून्य. जुनीत मर्यादा ५ लाखांची, माफी १२,५०० ची आणि स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००. त्यापुढे ८०सी (पीएफ, विमा अशा गुंतवणुकीची वजावट), मेडिक्लेम, घरभाडं, गृहकर्जाचं व्याज असं करत करत उत्पन्न पाच लाखांखाली आणावं लागतं.

नऊ लाख पगार आणि गृहकर्ज असलेला माणूस जुनीतही शून्यावर येऊ शकतो. पण नवीत तो एकही पावती न जोडता शून्यावरच आहे. मार्चमध्ये ‘टॅक्स वाचतो’ म्हणून विमा पॉलिसी गळ्यात मारणाऱ्या एजंटाला एवढं सांगितलं तरी पुरे.

मर्यादा थोडी ओलांडली तर? नवीत दिलासा आहे. करपात्र उत्पन्न १२,१०,००० झालं तर स्लॅबप्रमाणे कर ६१,५०० होतो, पण घेतले जातात वरचे १०,००० आणि त्यावर ४ टक्के सेस (करावरचा उपकर). जुनीत अशी सवलत नाही. ५,०१,००० झाले की सेससकट १३,२०८ रुपये थेट भरा.

मग जुनी कोणाच्या कामाची? पगार लहान, पण मोबाइलवरून शेअर घेऊन वर्षाच्या आत विकणाऱ्यांच्या. या नफ्यावर २० टक्के कर लागतो आणि नवी प्रणाली त्यावर ८७ए ची सूट देत नाही. समजा पगार ५ लाख, असा नफा ६०,०००. नवीत पगारावर काहीच नाही, पण नफ्यावर सेससकट १२,४८० रुपये. जुनीत स्टँडर्ड डिडक्शन, २,५०० चा व्यवसायकर आणि पीएफचे ३०,००० वजा करून एकूण उत्पन्न ४,७७,५०० वर येतं, सूट या नफ्यावरच्या करालाही लागू होते आणि भरायचे राहतात ८,१९०. म्हणजे ४,२९० रुपये वाचले. शेअर वर्षभराहून जास्त ठेवून विकले असतील, तर त्या नफ्यावरच्या कराला मात्र जुनीतही ही सूट नाही.

नोकरदाराला दरवर्षी निवड बदलता येते. ऑफिसने नवीप्रमाणे टीडीएस कापला म्हणून अडत नाही, रिटर्नमध्ये जुनी निवडता येते. पण ते मुदतीतच भरायला हवं, उशीर झाला की नवीच लागते. शेअर वर्षाच्या आत विकून झालेला नफा असेल तर रिटर्नचा आयटीआर-१ फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ लागतो.

सूट व्यक्तीला आहे, कुटुंबाला नाही. नवरा-बायको दोघं कमावत असतील तर दोघांची मर्यादा वेगवेगळी धरा. आणि ती फक्त निवासी व्यक्तीला मिळते: दुबईत राहणाऱ्या अनिवासी माणसाचं पुण्याच्या फ्लॅटच्या भाड्यातून करपात्र उत्पन्न ७ लाख असेल, तर त्याला नवीतही १५,६०० रुपये भरावे लागतील.