नवा म्हणून विकलेला जुना फ्रिज

दिवाळी पाडव्याला आम्ही नवा म्हणून घेतलेला दोन दारांचा फ्रिज त्याच वर्षीच्या गुढीपाडव्याला दुसऱ्या कुणाला तरी विकला गेला होता. तो परत का आला, मधल्या काळात कुठं होता, कशानं चेपला, हे आम्हाला आजवर कुणी सांगितलेलं नाही. दुकानाचं नाव इथं लिहीत नाही, कारण प्रकरण मिटवताना तसं लिहून दिलंय. पण त्यांनी काय काय केलं ते सांगायला मनाई नाही, आणि असल्या युक्त्या सीमाभागातल्या गिऱ्हाइकावर जास्त सहज चालतात.

आम्ही कर्नाटकात, संकेश्वरच्या बाजूला राहतो. मोठी खरेदी म्हटली की आमच्यापुढं दोन रस्ते असतात, एक तर बेळगाव, नाहीतर हद्द ओलांडून महाराष्ट्रातलं गडहिंग्लज, कोल्हापूर. निपाणीची माणसं तर कागलवरनं सरळ कोल्हापूरच गाठतात. तिकडं पाव्हणे असतात, दुकानात मराठीत घासाघीस करता येते, बिलावरचं वाचता येतं. आम्हीही पलीकडच्या एका तालुक्याच्या गावी गेलो. पाडव्याची गर्दी होती. शोरूममधला फ्रिज पसंत केला, "हा नाही वहिनी, ह्याच मॉडेलचा पेटीपॅक पीस गोडाऊनमधनं येतोय, पक्कं बिलही टेम्पोबरोबरच पाठवतो," असं मालक म्हणाले. पैसे फोनवरनं भरले. काउंटरवरचं स्कॅन मशीन "आज चालत नाही" म्हणून मालकाच्या मुलाच्या नंबरवर टाकायला लावले.

टेम्पो आला तो अंधार पडल्यावर. फ्रिज प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, कोपऱ्यांना थर्माकोल होतं, पण पुठ्ठ्याचं खोकं नव्हतं. "वाटेत पावसानं भिजलं, फेकून दिलं," म्हणाला पोरगा. आमच्याकडं त्या दिवशी थेंब पडला नव्हता. उतरवायच्या आधीच चलनावर सही मागितली, "माल सुस्थितीत मिळाला" असं त्यावर छापलेलंच होतं. फ्रिज कोपऱ्यात कुठं बसवायचा तेही त्या पोरांनीच ठरवलं, डावी बाजू भिंतीला अगदी चिकटवून. चार तास लावू नका म्हणाले. एवढं एक मात्र त्यांनी खरं सांगितलं. फ्रिज आडवा आणला असेल तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं, ते परत खाली यायला वेळ द्यावा लागतो.

पक्कं बिल म्हणून जो कागद आला त्यावर वर "इस्टिमेट" लिहिलेलं. मॉडेलचं नाव आणि रक्कम होती. जीएसटी नंबर नव्हता, सिरियल नंबरची जागा कोरी. फोन केला तर, "पक्कं पाहिजे तर 18 टक्के वर भरा. कशाला वहिनी? वॉरंटी कार्डावर शिक्का मारलाय की." आता ह्यातलं कायद्याचं सांगते. छापील किमतीत सगळे कर धरलेलेच असतात. दुकानदार त्यापेक्षा कमीत विकू शकतो, पण ज्या भावाला विकला त्याचं बिल देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं बिल न देण्याला सरळ अनुचित व्यापारी प्रथा म्हटलंय. बिलावरच्या जीएसटी नंबराचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27, आमच्या कर्नाटकाचे 29. तो नंबर जीएसटीच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो, दुकानाचं नाव समोर येतं.

आणि खोकं का फेकलं, तेही नंतर लक्षात आलं. खोक्यावर छापील किंमत, बनवल्याचा महिना आणि वर्ष, सिरियल नंबर हे सगळं असतं. खोकंच नसेल तर आतल्या नंबराशी ताडून बघायला काही उरतच नाही. कंपनीचा माणूस घरी येऊन डेमो देतो आणि त्या वेळी नंबर नोंदवतो, तेही दुकानदारानं टाळलं. "डेमोला आमचाच माणूस येतोय." तो आला, बर्फाचा ट्रे कसा काढायचा ते दाखवून चहा पिऊन गेला.

हिवाळाभर फ्रिज चालला. ऐन उन्हाळ्यात, गुढीपाडवा होऊन गेल्यावर, वरच्या कप्प्यातला बर्फ धरेना, दूध नासायला लागलं. कॉम्प्रेसरचा आवाज येत होता, गारवा नाही. दुकानात कळवलं. "हेस्कॉमचं व्होल्टेज, वहिनी. स्टॅबिलायझर लावला नसाल." हेस्कॉम म्हणजे आमच्याकडची वीज कंपनी. स्टॅबिलायझर लावला होता. मग म्हणाले, तुमचं गाव कर्नाटकात, आमचं सर्व्हिसिंग तिकडं चालत नाही, बेळगावला बघा. बेळगावच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला तर तिथला म्हणतो, बिल महाराष्ट्राचं आहे ना, मग तिकडंच जावा. दोन्ही साफ खोटं. देशात विकलेल्या मालाची कंपनीची वॉरंटी राज्याच्या हद्दीवर थांबत नाही. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवली, तशी त्याच बेळगावच्या सेंटरनं मुकाट्यानं माणूस पाठवला.

तो मेकॅनिक कन्नड बोलणारा, मराठी मोडकं. पण ह्या सगळ्या प्रकरणात सरळ माणूस भेटला तो हा एकच. त्यानं फ्रिज भिंतीपासून ओढला आणि डाव्या अंगावर हात फिरवला. खालच्या बाजूला तळहाताएवढी चेप होती. त्यावर रंगाचा फवारा मारलेला. नखानं खरवडलं तसा रंगाचा पोपडा निघाला आणि खाली गंज दिसला. मग त्यानं समजावलं. आताच्या बहुतेक फ्रिजना पूर्वीसारखी मागं जाळी नसते, गरम गॅसच्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आतून फिरवलेल्या असतात, म्हणून तर फ्रिजच्या बाजू हाताला कोमट लागतात. तिथं मार बसला की नळीला बारीक चीर पडते आणि गॅस हळूहळू निघून जातो. ह्याला ते लोक बॉडी लीक म्हणतात. नळी फोममध्ये गाडलेली असते, त्यामुळं चीर झाळून बुजवायला हात पोचत नाही. नुसता गॅस भरून उपयोग नाही, परत जाणार. "आगंगिल्ल री अक्का," म्हणजे होण्यासारखं नाही, असं म्हणाला आणि मान हलवली.

दारावर तर मोठ्या अक्षरात "10 वर्षं वॉरंटी" असा स्टिकर. बारीक अक्षरात खाली लिहिलेलं असतं, ती फक्त कॉम्प्रेसरची. कॉम्प्रेसर धडधाकट होता. बाकी फ्रिजची वॉरंटी एक वर्षाची, आणि तीत बाहेरून मार लागलेला माल बसत नाही.

इथंच खरी मेख आहे. मेकॅनिक जो कागद लिहितो, ज्याला जॉबशीट म्हणतात, त्यावर तो सवयीनं "फिजिकल डॅमेज" एवढंच लिहून सही घेतो. तेवढंच लिहिलं गेलं की तो मार ग्राहकाच्या घरात बसला असाच अर्थ निघतो. मी सही थांबवली. म्हटलं, रंगाखाली गंज आहे ते तुम्हीच दाखवलंत, तेच लिहा. तो जरा घुटमळला, सेंटरला फोन केला, आणि मग लिहिलं: जुनी चेप, त्यावर रंग मारलेला, आत गंज. मी त्याच्यासमोरच खरवडलेल्या जागेचे आणि आतल्या सिरियल नंबराच्या स्टिकरचे फोटो काढले. पुढं जे काही झालं ते ह्या अडीच ओळींच्या जोरावर झालं. शेजारची मंडळी म्हणत होती, गल्लीतल्या मेकॅनिककडनं गॅस भरून घ्या स्वस्तात. ते केलं असतं तर पुरावा तिथंच संपला असता. शिवाय हल्लीच्या बहुतेक फ्रिजमध्ये आर-600ए नावाचा पेट घेणारा गॅस असतो, शिकाऊ पोरानं त्याच्याजवळ नळ्या झाळायची टॉर्च पेटवणं म्हणजे आफत.

सिरियल नंबर कंपनीला फोनवर सांगितला तेव्हा खरी गोम बाहेर आली. पलीकडची मुलगी म्हणाली, मॅडम, ह्या पीसची वॉरंटी तर संपलीय. खरेदीची तारीख निघाली गुढीपाडव्याची, आमच्या दिवाळीच्या आधीची. कुणाच्या नावावर ते त्या सांगत नाहीत, पण तारीख लेखी मेलवर पाठवा म्हटलं की पाठवतात. म्हणजे दुकानदाराचा शिक्का असलेलं वॉरंटी कार्ड नुसता पुठ्ठा होता.

मालकासमोर सगळं ठेवलं. आधी म्हणाले, "घरात पोराबाळांनी आपटला असेल." रंगाचा फोटो दाखवल्यावर सूर बदलला: "बघा वहिनी, तुम्ही कर्नाटकातल्या. केस करायची तर इथं येऊन करावी लागेल, तारखांना हेलपाटे कोण घालणार?"

ही धमकी पूर्वी खरी होती. 1986 च्या जुन्या कायद्यात दुकान जिथलं किंवा व्यवहार जिथं घडला तिथल्याच ग्राहक मंचाकडं जावं लागायचं. नवा, 2019 चा कायदा जुलै 2020 मध्ये लागू झाला आणि त्यात ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडं तक्रार करता येते. दुकान महाराष्ट्रातलं असलं तरी आमचा जिल्हा बेळगाव, म्हणजे तारखेला त्यांनी इकडं यायचं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. 2025 पासून ई-जागृती ह्या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दाखल करता येते. त्याआधी 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. तिथं मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीपर्यंत पोचवते. पण कंपनीकडनं डीलरला विचारणा गेली की डीलरला घाम फुटतो, हे मी बघितलं.

पक्कं बिल नसताना काय दाखवणार, असं बरेच जण विचारतात. आमच्याकडं पैसे भरल्याची फोनमधली नोंद होती, इस्टिमेटचा कागद होता, दुकानाच्या नंबरवरनं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फ्रिजचे फोटो आणि भाव होता, आणि त्यांचंच चलन. सही करून घेतलेलं ते चलन त्यांच्यावरच उलटलं, कारण माल त्यांनीच दिला हे त्यावरनं सिद्ध होत होतं. ह्या सगळ्याच्या झेरॉक्स जोडून मुद्देसूद नोटीस स्पीड पोस्टनं दुकानाला आणि कंपनीला पाठवली. त्यात शेवटी लिहिलं की पैसे परत न आल्यास बेळगाव जिल्हा आयोगात तक्रार दाखल करू.

मग मालकांचा फोन आला, आवाज एकदम पाव्हण्यासारखा. आधी दुसरा पीस देतो म्हणाले. नको म्हटलं. मग पैसे देतो, पण आधी "काही तक्रार नाही, नाव कुठं घेणार नाही" असं लिहून द्या. आम्ही म्हटलं, खात्यावर जमा होऊ द्या, मग सही. टेम्पोभाडं कापून बाकी रक्कम आली. त्या भाड्यावरनं ह्यांनी वाद घालायचा ठरवला होता, मीच नको म्हटलं.

फ्रिज न्यायला तीच पोरं आली. ह्याचं आता काय करणार, असं विचारलं तर एकजण हसला आणि दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. टेम्पो हलायच्या आधी डाव्या बाजूच्या खरवडलेल्या चेपेचा आणखी एक फोटो काढला. तो फोटो, सिरियल नंबर आणि परत नेल्याची तारीख कंपनीला मेल केली, आणि हा पीस पुन्हा नव्या नावावर नोंदवायला आला तर तपासा, असं लिहिलं. पोच आलीय. गडहिंग्लजपासून चंदगडपर्यंत किंवा इकडं हुक्केरी, चिक्कोडीत कुणाला खोक्याशिवाय दोन दारांचा फ्रिज मिळाला असेल, तर डावी बाजू भिंतीपासून ओढून बघा.