कोलोरॅडोची घरपोच बॅलट सर्व्हिस: ५ पैकी ४, एक स्टार माझ्या सहीने खाल्ला

अमेरिकेचा सिटिझन झाल्यावरचं पहिलं मतदान घरी डायनिंग टेबलवर बसून केलं, लाइन नाही, सुट्टी टाकणं नाही, बोटाला शाई तर नाहीच (ती मात्र मिस केली). इथे २०१३ च्या कायद्यापासून प्रत्येक ॲक्टिव्ह मतदाराला बॅलट म्हणजे मतपत्रिका पोस्टाने घरी येतं, मागावं पण लागत नाही. मतदानाला राज्याचे प्रस्ताव असले की त्यांची माहिती देणारं ब्लू बुकही वेगळं येतं, ते वाचायला अख्खा रविवार काढून ठेवा.

भरलं, पाकिटावर सही ठोकली, ड्रॉप बॉक्समध्ये टाकलं, त्याच्यावर २४ तास कॅमेरा असतो. मग बॅलट कुठवर पोचलं ते कळवणाऱ्या बॅलटट्रॅक्सचे मेसेज सुरू, अगदी पार्सलसारखे. आणि एक दिवस मेसेज, सही रेकॉर्डमधल्या सहीशी जुळत नाही!! धस्स झालं. खरं सांगतो चूक माझीच, लायसन्सवरची सही वेगळी, बँकेतली वेगळी आणि पाकिटावर तर नुसता पेन फिरवला होता.

पण इथेच सर्व्हिस आवडली. सही खटकली तर वेगवेगळ्या पक्षांचे दोन इलेक्शन जज (कोर्टाचे नव्हेत, निवडणुकीचे कर्मचारी) बघतात, दोघांनाही नाही पटली तरच नोटीस येते आणि निवडणुकीनंतर ८ दिवस मिळतात सुधारायला. मी फोनवरूनच केलं, टेक्स्ट टू क्युअर म्हणतात त्याला, आयडीचा फोटो, स्क्रीनवर सही, झालं. म्हणजे तपासणी कडकच आहे हो, फक्त चुकलात तर तिथल्या तिथे बाद करत नाहीत.

नाहीतर टेक्सास बघा. २०२१ च्या एसबी १ (सेनेट बिल १) कायद्याने पोस्टाच्या पाकिटावर आयडी नंबर लिहायचा आणि तो रेकॉर्डशी जुळायला हवा, मार्च २०२२ च्या प्रायमरीत (पक्षांचे उमेदवार ठरवणारी निवडणूक) पोस्टाने आलेली साधारण १२ टक्के मतं बाद, २४ हजारांच्या वर. दुरुस्तीची सोय त्या कायद्यातही आहे, तरी एवढी गेली. आयडी मागण्यात मला काही गैर वाटत नाही पण तिथे पोस्टाने मत देणारे बरेचसे ६५ च्या पुढचे, रजिस्टर करताना लायसन्सचा नंबर दिला होता की सोशल सिक्युरिटीचा हे आजोबांना कसं आठवणार?

कोलोरॅडोच्या सर्व्हिसचे तोटे पण आहेत. पोस्टाचा शिक्का चालत नाही, मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ७ च्या आत पाकीट पोचलंच पाहिजे, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात सरळ ड्रॉप बॉक्स गाठा. घर बदललं असेल तर आधी पत्ता अपडेट करा, बॅलट नव्या पत्त्यावर फॉरवर्ड होत नाही. आणि सही लायसन्सवरचीच करा, मी तर आता त्याचा फोटोच फ्रिजवर लावलाय.