शोध अहवाल आणि खरेदीखत: वकीलबाईंच्या कामाबद्दल

साताऱ्यात जुना फ्लॅट घेताना कागदपत्रं तपासून शोध अहवाल द्यायचं काम मी या वकीलबाईंना दिलं. दलालाने सुचवलेल्या वकिलापेक्षा त्यांची फी बरीच जास्त होती, तरी दिलेला एकेक रुपया वसूल झाला असं माझं मत आहे.

फ्लॅटचे मालक वारलेले. नॉमिनी म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर पत्नीचं नाव चढवलं होतं. दलाल म्हणाला, "काकू, मुलाची आईच पालक. त्यांची एक सही झाली की विषय संपला." बाईंनी सगळ्यात आधी वारसांची यादी मागितली. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे त्यांचं पहिलं वाक्य. फ्लॅट मयताच्या स्वकष्टाचा, मृत्युपत्र नाही. म्हणजे पत्नी, मुलगी, मुलगा आणि मयताची आई असे चार वारस, प्रत्येकी पाव हिस्सा. मुलगी सज्ञान होती. मुलगा सहावीत. आणि गावी राहणाऱ्या आजींना तोवर कुणी विचारलंही नव्हतं!

मुलाच्या हिश्शाबाबत बाई कुणाचंच ऐकेनात. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956, कलम 8: अज्ञानाची, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाची, स्थावर मिळकत आईवडिलांनाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि ती परवानगी विक्रीच्या आधीच लागते. नसेल तर मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत, म्हणजे एकविसाव्या वर्षापर्यंत, व्यवहार रद्द करायला कोर्टात जाऊ शकतो. ऑक्टोबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने तर सांगितलं की दावाच लावायला हवा असं नाही. मुदतीत त्याने तीच मिळकत दुसऱ्याला विकली तरी पहिला व्यवहार त्याने नाकारला असं धरता येतं. दलालाने मग मुद्दा काढला की एकत्र कुटुंबाचा कर्ता, म्हणजे कुटुंबप्रमुख, अज्ञानाचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवायही विकू शकतो. तो नियम वडिलोपार्जित सामाईक मिळकतीतल्या अविभक्त हिश्शाचा, इथे लागू नाही, असं बाईंनी त्याला शांतपणे समजावलं.

त्यांनी साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, केलं ते कोर्टाच्या परवानगीच्या अटीवर, थोडंसं बयाणं देऊन. परवानगी नाकारली तर बयाणं परत, हे कलम स्पष्ट. अर्ज आईनेच करायचा असतो, म्हणून त्या ताईंना स्वतःचा वेगळा वकील द्यायला बाईंनी आग्रहाने सांगितलं. मला हे फार आवडलं. मुलाच्या गरजेसाठी किंवा त्याच्या उघड फायद्यासाठीच कोर्ट परवानगी देतं. आदेशात त्याचा हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावावर मुदत ठेवीत ठेवायची अट आली. बाईंनी तेवढ्या रकमेचा वेगळा डीडी काढायला लावला आणि आदेशाचा क्रमांक, तारीख, डीडीचा तपशील खरेदीखतात घातला. आजी आणि मुलगी दोघींनी नोंदणी कार्यालयात येऊन सह्या केल्या. वडील गेलेल्या पोराचा पैसा पोराकडेच राहिला, याचं मला घराइतकंच समाधान आहे.

उणं सांगायचं तर बाई फोन उचलत नाहीत, आणि वेळेचा अंदाज आधी देत नाहीत. पावसाळ्यात सुरू झालेलं काम होळीनंतर संपलं, तोवर भाडं भरत बसावं लागलं. बँकेचं कर्ज घेणाऱ्यांनी मंजुरीची मुदत बघूनच साठेखताची तारीख ठरवावी. भेटायला जाताना मृत्यूचा दाखला आणि सगळ्या मुलांचे जन्मदाखले न्या. त्याशिवाय बाई फाइल उघडतच नाहीत.