स्प्रिंग वॉशर, नायलॉक की लॉकटाइट? थरथरणाऱ्या मशीनला काय लावाल

नागपूरच्या इतवारीतल्या लोहा ओळीत नट-बोल्ट मागितले की स्प्रिंग वॉशर बहुतेक न विचारताच पुडीत पडतो. स्वस्त आहे, पडू द्या. पण त्याच्या भरवशावर व्हायब्रेटिंग स्क्रीन, म्हणजे थरथरती चाळणी, बांधू नका.

पकड येते ती बोल्टच्या ताणातून. ८.८ ग्रेडचा (हा मजबुतीचा दर्जा) एम१०, म्हणजे १० मिमी व्यासाचा, बोल्ट ४५-५० न्यूटन-मीटरला आवळला की सुमारे अडीच टन ओढ बसते. स्प्रिंग वॉशर त्याच्या कितीतरी आधी चपटा होतो. मग तो फक्त चीर पडलेला साधा वॉशर. टोकं रुततात म्हणावं, तर खाली प्लेन वॉशर असला की ती त्यातच रुततात आणि तो प्लेन वॉशरच पत्र्यावर फिरतो. जोड आडवा सरकत राहिला की नट आपोआप उलटा फिरतो, हे जर्मन इंजिनिअर गेरहार्ड युंकरने १९६९ मध्ये दाखवलं. नासाच्या १९९० च्या फास्टनर पुस्तिकेत तर हा वॉशर लॉकिंगसाठी निरुपयोगीच ठरवला आहे.

नायलॉक नटमधली नायलॉनची रिंग आटे धरून ठेवते. ओढ गेली तरी नट गळून पडत नाही, पण ओढ जाणं मात्र ती थांबवत नाही. कूलरच्या मोटरला उत्तम. मे महिन्याच्या उन्हाचं तिला काही नाही, १२० अंशांपुढे मात्र नको. बोल्टचे दोन आटे रिंगबाहेर दिसले पाहिजेत. उघडलेला नट पुन्हा वापरू नका.

जिथे क्वचितच उघडायचं, तिथे निळं लॉकटाइट २४३, म्हणजे आट्यांवर लावायचा गोंद. आटे ॲसिटोनने पुसा, नट बसणार त्याच जागी थेंब टाका, २४ तास मशीन चालवू नका. साध्या पान्याने सुटतं. लाल लॉकटाइटला गरम करावं लागतं.

मोठ्या स्क्रीनला वेज-लॉक वॉशरची जोडी. महाग, पण पटणारी: तिच्या समोरासमोरच्या दातांचा चढ आट्यांच्या चढापेक्षा जास्त, त्यामुळे नट उलटा फिरू लागला की ओढ वाढतेच. जोडी उलटी बसवली तर सगळं फुकट.

चेकनट, म्हणजे एकावर एक दोन नट, करायचा तर पातळ नट खाली, जाड वर. बरेच जण उलटं करतात.

यातलं काहीही घेण्याआधी बोल्टखालचा जाड रंग खरवडा. तो दबतो आणि ओढ जाते. पातळ पत्र्यावर आखूड बोल्ट असेल तर बुश (पोकळ नळी) घालून लांब बोल्ट घ्या, लांबी व्यासाच्या पाचपट. शेवटी नट आणि पत्र्यावर मार्करने एकच रेघ ओढा. लॉकटाइट लावलेल्या नटवरची रेघ तुटलेली दिसली तर नुसता पाना फिरवून कसू नका, लॉकटाइटचा थर फुटलेला असतो; उघडा, पुसा, नवा थेंब टाका.