काटेरी ब्लॅकबेरी, दोन पावसाळ्यांनंतर

ऑगस्टअखेरीस कुंपणालगतचं गवत काढलं तेव्हा एका झुडपाची सात झालेली निघाली. त्यामुळे गेल्या वर्षी दिलेला ‘जरूर लावा’ हा शेरा बदलतोय: लावा, पण तारेशिवाय नको.

लांब काडीचं टोक ओल्या मातीला टेकलं की तिथे मुळं फुटतात, दाब कलम झाड आपणच करून घेतं. नाशिकचा पाऊस आणि ओल धरणारी काळी माती, त्याला आणखी काय हवं! मुळं धरू पाहणारा शेंडा आधी जाडसर होतो, त्यावरची पानं बारीक राहतात. तेव्हाच उचलून बांधला तर काम मिनिटाचं. तीन-चार आठवडे गेले की उपटताना काडी तुटते आणि मुळं खालीच राहतात. मग मूळ झुडपाकडून आलेली काडी वीतभर वर कापायची आणि मुळांचा गोळा खुरप्याने अख्खा काढायचा. झुडपाच्या बुंध्याजवळ कुदळ मात्र अजिबात मारू नका, तुटलेल्या मुळांतूनही फुटवे येतात.

शेंडा खुडला की प्रश्न मिटेल, असं पहिल्या वर्षी लिहिलं होतं. ते चूक होतं. चार फुटांवर शेंडा मारला की बगलफुटी, म्हणजे बाजूच्या फांद्या, निघतात, त्या झुकतात आणि त्याही टेकतात. एका टोकाऐवजी पाच टोकं सांभाळावी लागतात. तरीही शेंडा मारावाच, कारण बगलफुटींमुळे फळ वाढतं. फक्त अडीच आणि साडेचार फुटांवर दोन तारा ओढा. मोडलेल्या द्राक्षबागांचे अँगल आणि तार भंगारात मिळते, नवं सामान घेऊ नका. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी काड्या सुतळीने बांधायच्या. खाली गोणपाट अंथरून पैसे वाचत नाहीत. ते ओल धरतं आणि मुळं त्यातून आरपार जातात. तिथे जाड वीड मॅटच (तण रोखणारं कापड) हवी.

द्राक्षाची सवय असलेला हात छाटणीत चुकतो. ऑक्टोबरला सगळं झुडूप छाटलं तर उन्हाळ्याचं फळ गेलंच. यंदा वाढलेली काडी पुढच्या वर्षी फळते आणि मग वाळते. म्हणून तोडा संपताच फळलेल्या काड्याच तेवढ्या जमिनीलगत कापा, नव्यांतल्या चार-पाच जाड ठेवा आणि त्यांच्या बगलफुटी जानेवारीत दीड वितीवर आणा. ओळख पटावी म्हणून फळ असतानाच त्या काडीला रंगीत दोरा बांधून ठेवावा.

शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं दिसलं तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकून उपयोग नाही, लोह तिथेच अडकून बसतं. ईडीडीएचए चिलेट, म्हणजे मातीत अडकू न देता बांधून ठेवलेलं लोह, महाग आहे, पण अशा मातीत तेच टिकतं.

एप्रिलच्या उन्हात फळातले दाणे पांढरे पडतात, दुपारी शेडनेट लागतं. फळ काळं झालं म्हणून लगेच तोडू नका. चकाकी जाऊन ते मंद दिसायला लागलं आणि हलक्या ओढीने हातात आलं, की गोड. तोडल्यावर ते पिकत नाही.

रोप घेताना काडीवर काटे आणि एका देठावर तीन ते पाच पर्णिका आहेत ना, ते बघा. एकेरी पान असेल तर ती तुती. आणि जात कमी थंडीत फळणारी आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. अनेक परदेशी जातींना 7 अंशांखालची थंडी शेकडो तास लागते. तेवढी नाशिकात मिळत नाही.