कपलर निवडताना: टाइटलॉक, बीएसआय की डेल्नर?

बर्मिंगहॅमकडून आलेली चार डब्यांची गाडी वेल्समधल्या मखन्लेथ स्टेशनात थांबते आणि तिथेच तिच्या दोन गाड्या होतात. दोन डबे अ‍ॅबरिस्टविथला जातात, उरलेले दोन किनाऱ्या-किनाऱ्याने प्वल्हेलीला. परतताना हेच दोन तुकडे याच फलाटावर पुन्हा एक होतात. मागची गाडी काही फुटांवर येऊन थांबते, मग माणसाच्या चालीपेक्षाही हळू पुढे सरकते, लोखंडावर लोखंड टेकल्याचा आवाज येतो आणि हवा सुटल्याचा फुत्कार ऐकू येतो. चालक गाडी किंचित मागे ओढून जोड पक्का बसला का ते पाहतो. एवढ्यात कोणीही रुळांमध्ये उतरलेलं नसतं. हा क्षण कितीही वेळा पाहिला तरी मला पुन्हा पाहावासा वाटतो.

पण हा लेख कौतुकाचा नाही, निवडीचा आहे. ब्रिटनमध्ये नव्या गाड्या मागवायच्या असतील किंवा जुना ताफा दुरुस्त करून आणखी काही वर्षं चालवायचा असेल, तर तोंडाला कुठला कपलर, म्हणजे एक गाडी दुसरीला जोडणारा सांधा, लावायचा हा प्रश्न येतोच. असल्या कामात नव्याने पडलेल्या अभियंत्यांसाठी माझं मत आधीच सांगून टाकतो: पोलादाकडे शेवटी बघा. आधी तारा बघा, आणि त्याहूनही आधी आपल्या रुळांवर शेजारी कोण धावतंय ते बघा.

गाडी जोडायची म्हणजे तीन गोष्टी जोडायच्या असतात. ओढ सहन करणारा सांधा, ब्रेकची व दारांची हवा, आणि मागच्या मोटरला हुकूम देणाऱ्या तारा. जुन्या स्क्रू कपलिंगमध्ये यातला फक्त सांधा आकड्यात अडकवून पिळायचा असे. हवेच्या नळ्या आणि तारांच्या केबल हाताने लावाव्या लागत, तेही दोन डब्यांच्या मध्ये उभं राहून.

त्यानंतरचा बकआय म्हणजे बंद मुठीसारखा कपलर. एलाय जॅनी या अमेरिकन माणसाने १८७३ मध्ये त्याच्या मूळ रचनेचं पेटंट घेतलं. ब्रिटिश रेल्वेने १९५१ पासूनच्या मार्क वन डब्यांना तो बसवला. अपघातात डबे एकमेकांना धरून ठेवण्याची त्याची ताकद खरी होती. लंडनच्या दक्षिणेला धावणाऱ्या विजेच्या गाड्यांनी तो २००५ पर्यंत वापरला, पण नळ्या आणि केबल तिथेही शेवटपर्यंत हातानेच लावल्या जात. आजच्या निवडीत बकआय धरू नका. दिवसातून अनेकदा जोडायच्या गाडीत माणसाला मध्ये उतरवणं मला पटत नाही, मग कपलर कितीही मजबूत असो.

उरतात तीन.

टाइटलॉक हा बकआयचाच पुढचा भाऊ. तीच मूठ, पण फटी इतक्या कमी केलेल्या की जोड हलत नाही. जोड हलला नाही तर हवेची छिद्रं आणि विजेचे संपर्क समोरासमोर टिकतात, म्हणून कपलरच्या खाली विजेची पेटी लावून सगळं एकाच धडकेत जोडता येतं. आपल्याकडच्या एलएचबी डब्यांचा सीबीसी (सेंटर बफर कपलर) याच कुळातला, एच-टाइप टाइटलॉक. फरक इतकाच की आपल्या डब्यांच्या नळ्या आणि केबल अजून हाताने लावतात. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रायोगिक गाड्यांवर तो आला, १९७६ मध्ये क्लास ३१३ वर (ब्रिटनमध्ये गाडीच्या प्रत्येक जातीला असा क्रमांक असतो), आणि पुढे ३१५, ३१७, ३१९, ३२१, ४५५ अशा उपनगरी विजेच्या गाड्यांवर पसरला. यातल्या बऱ्याच गाड्या आता भंगारात गेल्या आहेत. ज्यांच्याशी जोडायचं ते शेजारीच संपत चालल्यावर नव्या गाडीसाठी टाइटलॉक मागण्यात अर्थ नाही. जुना ताफा आपल्याच मार्गावर आपसांतच जोडला जात असेल, तर मात्र आहे तो ठेवा. लंडनहून एसेक्सकडे जाणाऱ्या क्लास ३५७ गाड्या पुढच्या पिढीतल्या, तरी त्यांनी टाइटलॉकच ठेवला, कारण त्यांना आपसांतच जोडायचं होतं.

बीएसआयवर जास्त बोलायला हवं. बर्गिशे श्टाल-इंडस्ट्री ही रेमशाइडची जर्मन कंपनी. तिचा हा आटोपशीर कपलर १९८०च्या दशकात ब्रिटनच्या डिझेल गाड्यांनी उचलला. २०२१ पर्यंत धावलेल्या पेसर आणि १५० पासून १५९ पर्यंतच्या स्प्रिंटर गाड्या, पुढे १७० सुद्धा. या सगळ्या एकमेकींना नुसत्या अडकत नाहीत, एका चालकाच्या हाताखाली एकत्र चालतात. गाड्यांची टंचाई असलेल्या भागात याची किंमत फार मोठी. जत्रेच्या दिवशी दोन डब्यांच्या १५६ ला एक डब्याची १५३ लावायची, संध्याकाळी काढून दुसऱ्या फाट्यावर पाठवायची. ग्लासगोहून हायलँड्समध्ये जाणाऱ्या १५६ गाड्या क्रिअनलारिकला फुटतात, एक भाग ओबानला आणि एक मॅलेगला. मखन्लेथच्या १५८ गाड्यांनाही हाच कपलर आहे. छोट्या गाड्यांचं, विरळ वस्तीचं, तुटपुंज्या पैशांचं जाळं या कपलरने सांभाळलं, असं मी जबाबदारीने म्हणेन.

आता सापळा कुठे आहे तो बघा. क्लास १६५ आणि १६६ या टर्बो गाड्यांनाही बीएसआयच आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, या स्प्रिंटरला लागतील. यांत्रिक जोड बसेलही. पण तारांची मांडणी वेगळी असल्याने त्या स्प्रिंटरबरोबर एका चालकाखाली चालू शकत नाहीत. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनचा मार्ग विजेवर गेला तेव्हा या टर्बो गाड्या ब्रिस्टलकडे सरकवल्या, आणि तिथे आधीपासून १५० आणि १५८ धावत होत्या. एकाच डेपोत, एकाच फलाटावर, सारख्याच तोंडाच्या गाड्या, पण एकमेकींच्या मदतीला येण्याजोग्या नाहीत. वेळापत्रक लावणाऱ्याला असे दोन वेगळे ताफे सांभाळावे लागतात. एक गाडी बिघडली की दुसऱ्या जातीची मोकळी उभी असूनही उपयोग नाही.

हा घोळ नवा नाही. १९५०च्या दशकातल्या डिझेल गाड्यांच्या तोंडावर रंगीत खुणा काढलेल्या असत: निळा चौकोन, पिवळा हिरा, लाल त्रिकोण, पांढरं वर्तुळ, केशरी तारा. खूण जुळली तरच जोडायचं. ती पद्धत साधी होती आणि प्रामाणिक होती. आज खूण बाहेर दिसत नाही, ती सॉफ्टवेअरमध्ये लपलेली असते. म्हणून ‘बीएसआय आहे ना, मग जुळेल’ या वाक्यावर कुठलीही मागणी मंजूर करू नका.

तिसरा डेल्नर. हे स्वीडिश कंपनीचं नाव. मूळ कल्पना कार्ल शार्फेनबर्ग याची, पेटंट १९०३ चं. मुंबईच्या लोकलवर काम करणारे ज्याला शाकू कपलर म्हणतात, ते याच घराण्याचं नाव. याची रचना मला तिघांत सगळ्यात सुंदर वाटते. प्रत्येक तोंडावर एक शंकू आणि शेजारी एक खोलगट जागा, म्हणजे याचा शंकू त्याच्या पोटात आणि त्याचा याच्या. आत स्प्रिंगवर फिरणारी चकती, तिच्या एका बाजूला दांडा, दुसऱ्या बाजूला खाच. तोंडं भिडली की दोन्ही चकत्या फिरतात, दोन्ही दांडे समोरच्या खाचेत बसतात आणि त्यांचा समांतरभुज चौकोन होतो. ओढ दोन्ही दांड्यांत निम्मी-निम्मी वाटली जाते, त्यामुळे जोड आपोआप सुटत नाही. विजेची पेटी वेगळी असते. सांधा बसल्यावर तिचं झाकण उघडतं आणि संपर्क जुळतात. सोडवायला चालकाने बटण दाबायचं.

दक्षिण इंग्लंडच्या ३७५, ३७७, ४४४ आणि ४५० या विजेच्या गाड्यांना डेल्नर आहे. हेवर्ड्स हीथ, हॉर्शम, फॅव्हरशॅम या स्टेशनांवर गाड्या फोडण्या-जोडण्याचं काम नेमाने चालतं आणि ते काही मिनिटांत आटपावं लागतं. मागून दुसरी गाडी येतच असते. असं काम दिवसभर करून घ्यायचं असेल तर नव्या ताफ्यासाठी माझं मत डेल्नरलाच. तक्रार एकच आणि ती खरी आहे: विजेचे संपर्क नाजूक असतात. बर्फ, समुद्राची खारी हवा, झाकणात अडकलेली घाण, यांपैकी काहीही झालं की सांधा बसतो पण गाडी ‘जुळली’ म्हणत नाही. डेपोत पुसापुशीसाठी माणसं आणि वेळ ठेवणार नसाल, तर हा कपलर घेऊन पस्तावाल.

आणखी एक सावधगिरी. डेल्नर म्हणजे एकच आकार नाही. दक्षिणेच्या या गाड्यांवर टाइप १२ आहे, तर वेगवान गाड्यांच्या युरोपीय नियमांत टाइप १० धरलेला आहे, रुळापासून १,०२५ मिलिमीटर उंचीवर. १० आणि १२ एकमेकांत बसत नाहीत. मागणीपत्रात नुसतं कंपनीचं नाव लिहून भागत नाही.

रोजच्या जोडणीइतकाच मोठा मुद्दा सुटकेचा. गाडी मधेच बंद पडली तर तिला ओढणार कोण? लंडनच्या दक्षिणेला डिझेलवर धावणाऱ्या काही क्लास १७० गाड्यांचा बीएसआय काढून डेल्नर लावला, आणि त्या बदलासाठी त्यांना नवा क्रमांक मिळाला: १७१. शेजारच्या विजेच्या ३७७ गाड्यांबरोबर त्या एकत्र चालवता येत नाहीत, पण अडचणीत एकमेकींना ओढू शकतात. एवढ्यासाठी अख्ख्या ताफ्याची तोंडं बदलली, आणि मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याच्या मार्गावर पेंडोलिनो या विजेच्या वेगवान गाड्यांसाठी क्लास ५७ च्या १६ इंजिनांना डेल्नर लावला होता. वीज नसलेल्या, वेल्समधल्या होलीहेडच्या मार्गावर पेंडोलिनो ओढून नेण्याचं कामही त्यांनी केलं. कॅलेडोनियन स्लीपर या लंडन-स्कॉटलंड रात्रगाडीचे २०१९ पासूनचे मार्क फाइव्ह डबे डेल्नरचे आहेत, त्यामुळे ती गाडी ओढणाऱ्या इंजिनांनाही तोच लावावा लागला. कपलर बदलला की इंजिनाचा खर्चही त्याच खात्यात धरा. अ‍ॅडॉप्टर वापरून काम भागतं, पण ते जड असतं, हाताने लावायचं असतं आणि तोवर मागे रांग लागलेली असते.

व्हेस्टिब्यूलचा, म्हणजे एका गाडीतून दुसरीत जाण्याच्या वाटेचा, प्रश्न कपलरच्या बरोबरच सोडवावा लागतो. ३७७ किंवा १५८ मध्ये तोंडातूनच पलीकडच्या गाडीत जाता येतं. चुकीच्या भागात बसलेला प्रवासी आतूनच चालत जाऊ शकतो, गार्डही सगळीकडे पोचतो. त्याची किंमत चालक देतो, अरुंद कोपऱ्यातल्या केबिनमध्ये बसून. क्लास ८०० चं नाक टोकदार आहे, कपलर नाकाच्या दारामागे लपतो. पाच डब्यांच्या दोन गाड्या जोडून दहा डबे होतात, पण मधून जाता येत नाही. जिथे गाडी वाटेत फुटते तिथे मी चालकाची थोडी गैरसोय पत्करून रस्ता ठेवेन. आईवडील एका भागात आणि मुलं दुसऱ्या भागात चढल्यावर धावती घोषणा किती पुरी पडते, हे फलाटावर उभं राहून बघावं.

तेव्हा ठरवताना हे असं धरा. ग्रामीण डिझेल जाळं, शेजारी स्प्रिंटर आणि १७०, तर बीएसआय, पण तारांची मांडणी त्यांचीच. उपनगरी किंवा मुख्य मार्ग, दिवसभर जोडतोड, नवा ताफा, तर डेल्नर, आकार शेजाऱ्याचा आणि डेपोत सफाईचं पथक. लंडनमधल्या ७०० किंवा एलिझाबेथ लाइनच्या ३४५ सारखी एकाच लांबीची अखंड गाडी चालवणार असाल, तर रोजच्या जोडणीवर पैसे घालू नका. सुटकेपुरता कपलर पुरे. आणि मागणीपत्रावर सही करण्याआधी दोन्ही गाड्यांच्या संपर्कपिनांची यादी शेजारी-शेजारी ठेवून एकेक पीन स्वतः ताडून बघा. मग एखाद्या रात्री डेपोत दोन खऱ्या गाड्या आणून जोडा, मागच्या गाडीची दारं पुढच्या केबिनमधून उघडतात का, बंद होतात का ते बघा, आणि सोडा. असं दहा वेळा करा, त्यातलं निदान एकदा पावसात.